पाणी गार आहे

...आणि वर मलाच विचारतात हो! "काका, पाणी जरा कमी गरम करता येईल का?" कमी गरम! ऐकलंत? ज्या माणसाला अख्ख्या बिल्डिंगने वेड्यात काढलं, ज्याला जिन्यात गाठून "काय काका, सूर्य पकडलात का?" म्हणून हसले, त्याच माणसाकडे आता पाणी गार करून मागतायत! अहो, तो पोहण्याचा तलाव आहे, न्हाणीघरातली बादली नाही हवं तेवढं विसण घालायला! सेक्रेटरी म्हणतात, "नाही म्हणजे, मेंबरांची तक्रार आहे, पोहताना घाम येतो." पाण्यात घाम येतो! मी म्हटलं, घाम आला की तुम्हाला कळतं कसं? तर म्हणे, "काका, तुम्ही फार कडवट झालात हल्ली."

कडवट झालो. असेनही. पण तुम्हाला सांगतो, ते पाणी मी यांच्यासाठी तापवलंच नव्हतं. एका माणसासाठी तापवलं होतं, आणि त्या माणसाचं म्हणणं एकच... पाणी गार आहे.

आता माणूस म्हणजे कोण, तर आमची ही. शाळेत पोहण्याच्या बाई होती. बाई म्हणजे अशी तशी नाही, गळ्यात शिट्टी, डोक्याला रबरी टोपी, आणि आवाज असा की तलावाच्या या टोकाला "पाय!" म्हटलं की त्या टोकाचं पोरगं पाय मारायला लागायचं. या बिल्डिंगमधली निम्मी माणसं तिने पाण्यात ढकललेली आहेत. सेक्रेटरींच्या दोन्ही मुली तिच्याच हाताखालच्या. आणि मी? मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचो. पाचही महासागर फळ्यावर काढले, प्रवाह काढले, लाल खडूने उष्ण, निळ्या खडूने शीत... आणि स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही! भीती वाटते हो. सरळ सांगतो, भीती वाटते. पण बायको पोहण्याच्या बाई असताना असं सरळ सांगता येतं का? ती दर सुट्टीत काठाशी येऊन पाणी उडवायची, "अहो, या ना! मी धरते!" आणि मी शर्टाच्या कॉलरशी चाळा करत, भलतीकडे बघत म्हणायचो, "नको गं... पाणी गार आहे."

उन्हाळ्यात सुद्धा हेच. फरशी पायाला चटके देतेय, माणसं झाडाखाली सुद्धा हाशहुश्श करतायत, आणि मी म्हणतोय पाणी गार आहे! ती कधी वाद घालायची नाही. "बरं," म्हणायची आणि पाठीवर पडून निघून जायची पलीकडे. एवढी वर्षं एकच सबब चालवली मी. पोरांना सुद्धा पोटदुखी, डोकेदुखी असं काहीतरी बदलून बदलून सांगावं लागतं!

मग हिचं दुखणं निघालं. त्यात नाही जात मी आता. शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि डॉक्टरांनी चष्मा काढला की समजायचं. म्हणाले, "घरी न्या. त्यांना जे आवडतं ते करू द्या." म्हटलं, पोहायला आवडतं. म्हणाले, "पोहू द्या की. फक्त थंडी वाजायला नको." एवढंच वाक्य मी घरी आणलं, औषधांच्या पिशवीबरोबर.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या बरोबर खाली बिल्डिंगचा तलाव. ही गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर बसायची, पाण्याकडे बघत. एवढीशी झाली होती. मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत वर सरकायची. मी म्हटलं, "अगं, उतरतेस का एकदा? मी नेतो खाली." तर तिने गाऊनच्या गळ्याशी हात नेला, भलतीकडे बघितलं, आणि म्हणाली, "नको... पाणी गार आहे."

आता तुम्ही शहाणी माणसं आहात. तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. जी बाई कडाक्याच्या थंडीत सकाळी सकाळी सूर मारून वर यायची, दातांवर दात वाजत असताना "काय मजा आहे!" म्हणायची, ती म्हणतेय पाणी गार आहे! पण माझ्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ! मी काय म्हणालो? मी म्हणालो, हात्तिच्या! एवढंच ना? मग तापवू की!

झालं. त्या दिवसापासून माझ्या अंगात आलं म्हणा ना! सोसायटीकडे तापवायचं यंत्र मागितलं तर सेक्रेटरी म्हणाले, "काका, नियमात बसत नाही." मी म्हटलं, सूर्य बसतो का नियमात? तो तर फुकट आहे, रोज येतो, मीटिंगला गैरहजर नसतो! आणि भूगोलाचा मास्तर आहे मी, सूर्य माझ्या घरचा आहे. वाचलं, विचारलं, कागदावर काढलं. अगदी सोपं आहे हो. बागेला पाणी घालायचा काळा पाइप असतो ना, तो आणायचा, पंपाच्या खोलीच्या छपरावर गोल गोल वेटोळ्यांत पसरायचा, डासांची कॉइल असते ना, तशी. पत्रा काळा रंगवायचा. वर जुन्या खिडक्यांच्या काचा. पाणी गाळायचा पंप आहेच, त्याचंच पाणी वर न्यायचं, वेटोळ्यांतून फिरवायचं, आणि तापलं की परत तलावात. बास! यात न कळण्यासारखं काय आहे?

प्लंबरला बोलावला. त्याने छपराकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, सगळं होईल. पण का?" मी म्हटलं, तू जोड. तो म्हणाला, "जोडतो. माझं काय जातंय!" आणि जोडलं... असं जोडलं की पहिल्याच दुपारी, पंप बंद असताना पाइप उन्हाने मऊ पडला, आणि पंप सुरू केल्याबरोबर सांधा सुटला फाटकन! कारंजं उडालं हो! सेक्रेटरींच्या गॅलरीत कपडे वाळत होते, ते सगळे परत ओले. सेक्रेटरी बाहेर आले, हातात त्यांचाच पायजमा, "काका! हा काय पोरखेळ चाललाय?" प्लंबर छपरावरून म्हणतोय, "प्रेशर चांगलं आहे, काका!" आणि वर आमच्या गॅलरीत ही हसतेय. तोंडावर पदर... पदर कसला, गाऊनची बाही धरून हसतेय! कितीतरी दिवसांनी हसली होती हो. मी सेक्रेटरींची माफी मागायच्या ऐवजी वरच बघत राहिलो. ते आणखी भडकले.

पण सांधे बसले एकदाचे. आणि मग माझी अक्कल बघा! मला हवं होतं गरम पाणी. म्हणून मी कॉक जवळजवळ बंदच केला, पाणी पाइपात सावकाश फिरावं, चांगलं रटरटावं म्हणून. आणि आलं ना! दुसऱ्या टोकातून करंगळीएवढी धार, पण वाफा निघतायत! मी मगभर पाणी घेऊन धावत जिना चढलो, "अगं, हात घालून बघ! हात घालून बघ!" तिने मगाला नुसतं बोट लावलं. म्हणाली, "छान आहे. चहा टाकायचा का?" मी म्हटलं, चेष्टा करू नकोस. ती म्हणाली, "अहो, एवढ्याशा धारेने एवढा तलाव कधी तापायचा? कॉक पूर्ण उघडा. पाणी धो धो जाऊ दे. बाहेर पडताना हाताला गरम लागता कामा नये."

"गरम लागता कामा नये? मग तापलंय हे कळणार कसं?"

"नाही कळणार. हाताला कळलं नाही म्हणजे बरोबर चाललंय. दिवसभर असं थोडं थोडं जात राहिलं की आपोआप तापतं."

आणि खरं होतं! कॉक उघडला, धो धो पाणी, हाताला काहीच लागेना, माझा जीव खालीवर... आणि आठवडा उलटायच्या आत पाण्याचा बोचरेपणा गेला. मग म्हणाली, "संध्याकाळी ऊन गेलं की पंप बंद करा, नाहीतर त्याच पाइपातून सगळी ऊब बाहेर निघून जाईल. आणि वर काहीतरी पांघरूण घाला." मग मी काचसामान गुंडाळून येतं ना, ते फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, त्याचे तुकडे जोडून तलावाएवढी गोधडी केली. बिल्डिंगमधली पोरं रोज संध्याकाळी काठाला बसून टकाटक फुगे फोडायची आणि मी काठी घेऊन मागे. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तलावाला अंगाई पण म्हणा आता!"

मी नंतर खूप विचार केला. तिला उतरायचंच नव्हतं तर तिने मला कॉक उघडायला सांगितलं कशाला? पांघरूण कशाला सुचवलं? माझं यंत्र फसू द्यायचं की सरळ! पण नाही. तलावाच्या बाबतीत चुकीचं काही चाललेलं तिला बघवायचंच नाही. स्वतःची सबब स्वतःच्या हाताने गरम करत बसली होती ती. आणि रोज मी विचारायचो, "आता?" की म्हणायची, "अजून गार आहे."

आणि मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी हुशारी केली. सगळ्या बिल्डिंगला सांगितलं! म्हटलं, रविवारी सकाळी सगळे या, बाई उतरणार आहेत. आता सेक्रेटरी, ज्यांचा पायजमा भिजला होता ते, त्यांनी लगेच यंत्र स्वतःच्या खिशात घातलं. "सोसायटीने राबवलेला अभिनव उपक्रम!" माइक आणला. काठाला फीत बांधली, खुर्च्या मांडल्या. प्लंबर इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि ज्याला त्याला सांगायला लागला की मूळ कल्पना त्याचीच. हिचे जुने विद्यार्थी आले, कोण कुठून कुठून, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, आणि पोरांनी मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून आणलं होतं, "बाई, पाणी तयार आहे!" मी काठावर उभा, नवरदेवासारखा! फक्त फेटा घालायचा राहिला होता.

आणि ही गॅलरीत आली. कठड्याला धरून. टाळ्या हो! कोणीतरी शिट्टी वाजवली, तिच्यासारखीच, लांब एक आणि आखूड दोन. तिने हात हलवला, हसली. पण ते हसू तिचं नव्हतं. शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांसाठी ठेवणीतलं असायचं ना, ते होतं. मग सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. तिचा हात गाऊनच्या गळ्याशी गेला. आणि म्हणाली, अगदी हळू, पण खाली सगळ्यांना ऐकू आलं, "अहो... पाणी गार आहे."

खाली एकच गलका! "नाही बाई, गरम आहे!" "बाई, कोमट आहे, हात घालून बघितला!" सेक्रेटरी माइकवरून, "बाईंना विनंती आहे, पाण्याचं तापमान अत्यंत समाधानकारक आहे..."

आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारण ते वाक्य माझं होतं! तो कॉलरशी गेलेला हात माझा होता, ते भलतीकडे बघणं माझं. जन्मभर मीच ते तिला ऐकवत आलो होतो, आणि त्याचा अर्थ "पाणी गार आहे" असा एकदाही नव्हता. त्याचा अर्थ होता, मला भीती वाटते, विचारू नकोस. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून ती "बरं" म्हणून निघून जायची. आणि तिने एकदा, आयुष्यात एकदा तेच वाक्य उसनं घेतलं, तर मी काय केलं? मी पाइप विकत आणला! माइक लावला! सगळं गाव गोळा केलं तिच्यासमोर!

आता काय करावं? सगळे वर बघतायत, ती कठडा घट्ट धरून उभी. मला काही सुचेना. आणि मग सुचलं ते असं... मी पंपाच्या खोलीकडे बघितलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "करंट! पाण्यात करंट उतरलाय! मागे व्हा!"

काय पळापळ झाली म्हणता! खुर्च्या उलट्या, फीत गळ्यात, पोट सुटलेले विद्यार्थी पोरांना उचलून पळतायत. सेक्रेटरींना वाटलं माइकमध्येच करंट आहे, त्यांनी माइक दिला फेकून आणि चढले खुर्चीवर! प्लंबर फाटकातून बाहेर पडता पडता सगळ्यांना सांगत होता, "माझा यात काही संबंध नाही, कल्पना काकांची!" पाच मिनिटांत काठ मोकळा. फाटकाला कुलूप, वर पाटी, "धोका." आणि जाता जाता प्रत्येकजण मला काहीतरी ऐकवून गेला. वेडा काय, म्हातारचळ काय, जीव घेतला असता आमचा काय... ऐकून घेतलं. म्हटलं बोला, काय बोलायचं ते बोला.

वर आलो. ही पलंगावर बसून हसत होती, हसता हसता खोकत होती. म्हणाली, "करंट कुठे होता?" मी म्हटलं, "कुठेच नव्हता."

मग थांबली. म्हणाली, "अहो, त्यांच्या डोळ्यांपुढे मी शिट्टी घालून काठावर उभी आहे. मला तेवढीच राहू दे. ही अशी... पोहण्याचा पोशाख खांद्यावरून घसरतोय, दोघं जण धरून उतरवतायत... नको हो. भीती वाटते मला."

"मग आधी का नाही सांगितलंस? मी एवढा पाइप आणला, पत्रा रंगवला..."

"म्हणूनच नाही सांगितलं. दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही धड जेवत नव्हता. पाइप आणलात त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात. म्हटलं, करू दे."

म्हणजे बघा, मी तिच्यासाठी तापवत होतो आणि ती माझ्यासाठी तापवू देत होती. दोघं मिळून एक तलाव तापवला आणि उतरायला कोणी नाही!

मी कुलपाची किल्ली दाखवली. म्हटलं, "आता खाली कोणी नाही. करंटच्या भीतीने फिरकणार पण नाही." तिने किल्लीकडे बघितलं. म्हणाली, "तुम्ही उतरणार असाल तर."

घ्या! अडकलो की नाही? कोणत्या तोंडाने सांगू पाणी गार आहे? मीच तापवलेलं!

दुपारी उतरलो. सगळी बिल्डिंग जेवून झोपलेली. तिला धरून धरून खाली नेली, पायऱ्यांशी आलो, आणि तिथे हो, उलटंच झालं. पाणी कमरेला लागलं तशी ती सरळ झाली. जिना उतरताना माझ्या दंडावर सगळा भार टाकणारी बाई, पाण्यात माझा हात सोडून उभी! आणि मी? मी दांडी दोन्ही हातांनी कवटाळून उभा. म्हणाली, "दांडी सोडा. डोकं मागे टाका. मान सैल. मी धरते." माझ्या पाठीखाली तिचे दोन हात... हात कसले, नुसती हाडं... आणि त्या हातांनी मला उचलून धरलं. वर आभाळ. कानात पाणी. काही ऐकू येत नाही, फक्त तिचं तोंड हलताना दिसतंय. "पाय!" म्हणत असणार.

मग मला उभं केलं, कानातलं पाणी झटकायला लावलं आणि म्हणाली, "आता सांगा. कसं आहे पाणी?"

मी म्हटलं, "काही कळतच नाही गं. ना गार, ना गरम."

म्हणाली, "हाताला कळत नाही? म्हणजे बरोबर चाललंय."

आणि पाठीवर पडून निघून गेली पलीकडे. सावकाश. पाणी सुद्धा हललं नाही.

इलेक्ट्रिशियन येईपर्यंत आणखी दोन-तीन दुपारी मिळाल्या. तो आला, त्याने सगळं तपासलं, "करंटबिरंट काही नाही" म्हणाला, आणि पाटी निघाली. तोपर्यंत तिला पलंगावरून उठवत नव्हतं. खाली पोरांचा आरडाओरडा सुरू झाला, तर म्हणाली, "गॅलरीचं दार उघडं ठेवा. पाय कोण मारतंय, कोण नाही, मला आवाजावरून कळतं." मग एक दिवस मी दार उघडून "ऐकतेस का गं" म्हटलं... आणि ती ऐकत नव्हती.

असो.

आता रोज सकाळी छपरावर जातो. काचा पुसतो, सांधे बघतो, ऊन आलं की पंप लावतो, गेलं की बंद करतो, गोधडी पांघरतो. बिल्डिंगला वाटतं काका सोसायटीची सेवा करतायत. वाटू दे. सेक्रेटरी म्हणतात पाणी कमी गरम करा. मला येत नाही हो कमी गरम करायला! तिने तापवायचं कसं तेवढंच शिकवलं, गार करायचं नाही शिकवलं.

मग दुपारी काठावर खुर्ची टाकून बसतो. पोरं पाणी उडवतात. समोरच्या वहिनींची नात तर रोज काठाशी येते, लालबुंद झालेली, केसांतून पाणी गळतंय, आणि ओरडते, "आजोबा, या ना! मी धरते!" वहिनी म्हणतात, "उतरा की भाऊजी, एवढं उकळून ठेवलंय तुम्ही!" आणि मी आपला कॉलरशी चाळा करत, गॅलरीकडे बघत सांगतो...

नको गं बाळ. पाणी गार आहे.